पुढचं ओढणं, मागचं ढकलणं

मोटारीला चाकं चार असली तरी बहुतेक मोटारींत राबणारी चाकं दोनच असतात. उरलेली दोन नुसती सोबतीला फिरतात. ही राबणारी जोडी पुढची असावी की मागची, हा प्रश्न ऐकायला अगदी गॅरेजातला वाटतो. पण याच प्रश्नापायी युरोपातल्या कारखान्यांनी कित्येक दशकं घालवली, एका मोठ्या कारखानदाराच्या हातून त्याचा कारखाना गेला आणि सगळं जग एकदाचं पुढच्या चाकांवर स्थिरावतंय असं वाटत असतानाच फ्रान्समधल्या काही मंडळींनी एक साधी, घरगुती गाडी घेऊन तिचं सगळं यंत्र पुढून काढून मागे बसवलं. त्या गाडीचं नाव रेनॉ ५ टर्बो. आज तिच्याबद्दल लिहायचं आहे. आणि हो, या कथेत पोर्तुगालही येतो, त्यामुळे गोव्यातल्या वाचकाला ती अगदीच परकी वाटू नये.

सुरुवात मात्र आपल्याच रस्त्यांवरून करू. आमच्या पिढीनं मागच्या चाकांवरून पुढच्या चाकांवर झालेला बदल प्रत्यक्ष अंगावर घेतला आहे. ज्यांनी अँबॅसडर किंवा पद्मिनी टॅक्सीतून म्हापसा-पणजी-मडगाव असा प्रवास केला असेल, त्यांना मागच्या सीटवर मधोमध बसण्याची शिक्षा आठवत असेल. पायांखाली एक लांबलचक उंचवटा असायचा. एक पाय इकडे, एक पाय तिकडे टाकून बसावं लागे, आणि ही जागा हमखास घरातल्या सर्वांत लहान पोराच्या वाट्याला यायची. तो उंचवटा कशासाठी, हे कुणी सांगत नसे. इंजिन पुढे, राबणारी चाकं मागे. मग इंजिनाची ताकद मागे न्यायची तर गाडीच्या पोटाखालून एक लांब लोखंडी दांडा हवा. तो प्रोपेलर शाफ्ट त्या उंचवट्याखाली गरगरत असायचा. आपण त्याच्यावर पाय ठेवून बसायचो.

१४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत पहिल्या मारुती ८०० ची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते ग्राहकाला दिली गेली. त्या गाडीबद्दल खूप लिहिलं गेलंय, पण तिनं आपल्या पायांखालचा तो दांडा काढून टाकला याची नोंद फारशी कुणी घेतली नाही. इंजिन पुढे आडवं, गिअरबॉक्स त्याच्या शेजारी, आणि राबणारी चाकंही तिथेच. मागच्या चाकांना काम उरलं नाही. गाडी हलकी झाली, स्वस्त झाली, आत जागा झाली. लहान पोराची शिक्षा पुष्कळशी टळली.

पण पावसाळ्यात दुसरीच गंमत दिसू लागली. आपल्याकडचा तांबड्या मातीचा चढ, वर शेवाळ आणि मध्ये चिऱ्यांचे तुकडे. अशा चढावर माणसांनी आणि बोचक्यांनी भरलेली अँबॅसडर कुरकुरत का होईना, वर जायची. नवी हलकी मारुती मात्र पुढची चाकं जागच्या जागी फिरवत चिखल उडवत राहायची. याचं कारण सरळ आहे. चढावर गाडीचा भार मागे कलतो. मागची चाकं जमिनीवर दाबली जातात, पुढची हलकी होतात. ज्याच्यावर भार नाही त्या चाकाला पकड नाही, आणि पकड नसलेल्या चाकाला कितीही फिरवा, गाडी हलत नाही. काही जाणते ड्रायव्हर मग गाडी वळवून रिव्हर्स गिअरमध्ये चढ चढायचे! लोक हसायचे, पण त्या पात्रांवाला जे कळलं होतं ते शंभर टक्के बरोबर होतं. उलटी चढताना राबणारी चाकं उताराच्या बाजूला येतात आणि भार त्यांच्यावरच पडतो. रेनॉच्या लोकांनी लाखो रुपये खर्चून जे केलं, त्याचं तत्त्व याच चढावर सापडतं.

आता थोडं मागे जाऊ. स्वतःच्या ताकदीनं चालणाऱ्या वाहनांच्या इतिहासात ज्याचं नाव सर्वांत आधी घेतात तो फ्रेंच लष्करातला निकोला-जोझेफ क्यूनो. त्यानं १७६९ ते १७७१ च्या सुमारास तोफा ओढण्यासाठी वाफेवरची तीनचाकी बनवली. तिचं राबणारं चाक एकच होतं, आणि ते होतं पुढे! म्हणजे पुढून ओढण्याची कल्पना जुनीच. कार्ल बेंझची १८८६ ची गाडी मात्र मागच्या चाकांवर चालायची. पुढे १८९१ मध्ये पॅनहार्ड आणि लव्हासोर यांनी इंजिन पुढे, त्यामागे गिअरबॉक्स आणि ताकद मागच्या चाकांना अशी मांडणी रूढ केली. आपल्या अँबॅसडरपर्यंत आलेली वंशावळ ती हीच.

पुढच्या चाकांना राबवण्यात अडचण काय होती? पुढच्या चाकांना आधीच एक काम असतं, वळण्याचं. वळणाऱ्या चाकाला ताकदही पोचवायची तर मध्ये असा सांधा हवा की जो वाकलेल्या स्थितीतही एकसारख्या वेगानं फिरेल. साधा क्रॉसचा सांधा वाकवला की फिरताना झटके देतो. हा सांध्याचा प्रश्न १९२० च्या दशकात सुटू लागला. फ्रान्समध्ये जाँ-आल्बेर ग्रेग्वार आणि पिएर फेनाय यांचा ‘त्राक्ता’ सांधा आला, आणि आल्फ्रेड झेप्पाचा गोळ्यांचा सांधा आला. आज तुमच्या गाडीला वळताना पुढून कट-कट आवाज येऊ लागला की मेकॅनिक ‘सीव्ही जॉइंट गेला’ म्हणतो. तो सांधा याच झेप्पाच्या सांध्याचा वारस.

मग १९३४ मध्ये आंद्रे सित्रोएननं पुढच्या चाकांवर चालणारी ‘त्राक्सियाँ आव्हाँ’ बाजारात आणली. गाडी काळाच्या पुढे होती, पण तिच्यावर आणि नव्या कारखान्यावर केलेला खर्च त्याला झेपला नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस दिवाळं निघालं, कंपनी मिशलँच्या हाती गेली, आणि जुलै १९३५ मध्ये सित्रोएन वारला. गाडी मात्र १९५७ पर्यंत बनत राहिली. कारखानदार हरला, त्याची कल्पना जिंकली.

त्यानंतर १९५९ मध्ये अलेक इसिगोनिसची मिनी आली. सुएझच्या संकटामुळे इंग्लंडमध्ये पेट्रोलची टंचाई झाली होती, लहान गाडी हवी होती. इसिगोनिसनं इंजिन आडवं बसवलं आणि गिअरबॉक्स इंजिनाच्या पोटातच घातला. तीन मीटरांच्या गाडीत चार माणसं बसली. आणि आता एक गोष्ट जी मला फार आवडते. ज्याला आपण पद्मिनी म्हणतो ती मूळची फियाट ११००, आणि ती ज्याच्या देखरेखीखाली घडली तो इंजिनिअर होता दांते जाकोसा. याच जाकोसानं इसिगोनिसच्या मांडणीत सुधारणा केली. गिअरबॉक्स इंजिनाच्या पोटात न ठेवता त्यानं त्याच्या शेजारी, एका टोकाला बसवला. १९६४ च्या आउटोबियांकी प्रिमुलामध्ये हा प्रयोग झाला आणि १९६९ च्या फियाट १२८ मध्ये तो जगभर पोचला. आज जगातल्या बहुतेक लहान गाड्या याच मांडणीच्या आहेत, आपली मारुती ८०० सुद्धा. म्हणजे आमच्या पायाखाली दांडा ठेवणारी आणि तो काढायला लावणारी बुद्धी एकाच माणसाची! मुंबईच्या कुर्ल्यातल्या कारखान्यात त्याची जुनी गाडी पुढची कित्येक वर्षं निघत होती, आणि तिकडे तुरीनमध्ये त्यानं तिचं युगच संपवलं होतं.

रेनॉचा रस्ता थोडा वेगळा. युद्धानंतरच्या त्यांच्या लहान गाड्यांत इंजिनही मागे आणि राबणारी चाकंही मागेच. १९६१ च्या रेनॉ ४ पासून ते पुढच्या चाकांकडे वळले. आणि जानेवारी १९७२ मध्ये आली रेनॉ ५. मिशेल बुए या तरुण चित्रकारानं तिचा आकार कल्पिला. शहरात चालवायला सोपी, मागे उघडणारं मोठं दार, प्लास्टिकचे बंपर, आणि स्वस्त. सुरुवातीच्या गाड्यांचं इंजिन हजार सीसीचंही नव्हतं. दुसऱ्याच वर्षी तेलसंकट आलं आणि ही गाडी घराघरांत गेली. बुए मात्र तिचं यश पाहायला उरला नाही.

अशा या भाजीबाजाराच्या गाडीला शर्यतीच्या रस्त्यावर कुणी आणलं? तर रेनॉनंच. १९७६ मध्ये १३९७ सीसीचं, सुमारे ९३ अश्वशक्तीचं रेनॉ ५ आल्पिन निघालं. राबणारी चाकं पुढचीच. १९७८ च्या माँटे कार्लो रॅलीत बर्फातून धावत या गाड्या दुसऱ्या आणि तिसऱ्या आल्या. दुसरा आलेला चालक होता जाँ रानोत्ती. हे नाव लक्षात ठेवा. बर्फावर, कमी ताकदीत, पुढच्या चाकांची ही किमया होती, कारण इंजिनाचा भार त्याच चाकांवर असतो.

पण त्याला एक मर्यादा होती. टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार समजा. तो एकदाच मिळतो, आणि वळणं, थांबणं, ओढणं हे सगळे खर्च त्यातूनच भागवायचे असतात. पुढच्या चाकांवर तिन्ही खर्च आले की साध्या गाडीत निभतं, पण ताकद वाढवत गेलात की एक वेळ अशी येते की ॲक्सिलरेटर दाबताच गाडी वळायचंच विसरते आणि सरळ पुढे जाऊ लागते. स्टिअरिंग हातात ओढ घेतं. शिवाय वेग घेताना भार मागे कलतो, म्हणजे नेमकी हवी तेव्हाच पुढची पकड कमी होते. आपल्या तांबड्या चढावरचं गणित, फक्त सपाटीवर.

त्या वर्षांत रॅलीच्या मैदानात लान्चिया स्ट्रॅटोसचं राज्य होतं. इंजिन पाठीशी, मागच्या चाकांवर धावणारी पाचरीसारखी गाडी. १९७४, १९७५, १९७६ अशी सलग तीन वर्षं निर्मात्यांचं जागतिक अजिंक्यपद तिच्याकडे होतं. रेनॉमध्ये मोजक्या संख्येनं बनणाऱ्या गाड्यांचं काम पाहणाऱ्या जाँ तेरामोर्सीच्या डोक्यात आलं की स्ट्रॅटोससारखीच गाडी करायची, पण तिचा चेहरा रेनॉ ५ चा ठेवायचा. म्हणजे रस्त्यावर जिंकेल ती, आणि दुकानात खपेल तिची साधी बहीण. १९७६ मध्येच तेरामोर्सी वारला. पण कल्पना टिकली, आणि रेनॉच्या क्रीडाविभागाच्या जेरार लारूसनं ती पुढे नेली. त्या वेळी रेनॉला टर्बोचं वेडच लागलं होतं. १९७७ मध्ये त्यांनी फॉर्म्युला वनमध्ये पहिली टर्बो गाडी उतरवली, १९७८ मध्ये टर्बोवरच ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. हीच टर्बोची हवा आता घरगुती गाडीत भरायची होती.

शरीराचं काम बर्तोनेकडे गेलं. रेनॉकडून मार्क देशाँ आणि बर्तोनेकडून मार्चेल्लो गांदिनी. हा गांदिनी म्हणजे स्ट्रॅटोसचा आकार काढणारा, लंबोर्गिनी मिउराचा आकार काढणारा माणूस. १९७२ ची फियाट एक्स वन-नाइनही त्याचीच. तिच्यात फियाट १२८ चं, म्हणजे जाकोसाच्या पुढच्या चाकांच्या गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स उचलून सीटच्या मागे ठेवलेले होते. पुढचं मागे नेण्याचा धडा त्याच्या घरात आधीच गिरवून झाला होता. मार्च २०२४ मध्ये गांदिनी वारला, तेव्हा बहुतेक मृत्युलेखांत मिउरा आणि काऊंटाश यांचीच नावं पुढे होती. मला मात्र त्याची ही ठेंगणी, फुगीर रेनॉ आठवली.

प्रत्यक्ष काय केलं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण खरी मजा तिथे आहे. पुढची चाकं सोडून मागची राबवायची तर दोन वाटा असतात. पहिली, इंजिन पुढेच ठेवायचं, पण आडवं असेल तर उभं करायचं, त्यामागे गिअरबॉक्स लावायचा, गाडीचा तळ कापून मधोमध बोगदा काढायचा, त्यातून दांडा न्यायचा, मागे क्राउन-पिनियनची पेटी आणि नवे ॲक्सल बसवायचे, पेट्रोलची टाकी हलवायची. म्हणजे मारुतीची पुन्हा अँबॅसडर करायची. दुसरी वाट, इंजिन, गिअरबॉक्स आणि ॲक्सल हा अख्खा गाडा उचलून मागे न्यायचा. दांडा नको, बोगदा नको. पण मागची सीट गेली, आणि इंजिनाची उष्णता, आवाज सगळं पाठीशी आलं.

रेनॉनं दुसरी वाट धरली. गिअरबॉक्स घेतला तो त्यांच्याच मोठ्या रेनॉ ३० चा. रेनॉ ३० हीसुद्धा पुढच्या चाकांची गाडी. तिच्यात इंजिन ॲक्सलच्या पुढे आणि गिअरबॉक्स मागे. हा क्रम जसाच्या तसा उचलून रेनॉ ५ च्या मागच्या ॲक्सलवर ठेवला की इंजिन आपोआप सीटच्या पाठीशी, दोन्ही ॲक्सलांच्या मध्ये येतं. किती सोपी युक्ती! इंजिन तेच जुनं १३९७ सीसीचं, ओतीव लोखंडाचं, ज्याचं घराणं १९६२ पासून चालत आलेलं. त्याला गॅरेट टर्बो आणि बॉशची इंधनफवारणी जोडली आणि १६० अश्वशक्ती काढली. मागचं सस्पेन्शन पूर्ण नवं. मागचे टायर पुढच्यांहून रुंद, त्यामुळे मागची बाजू फुगवावी लागली, आणि त्या फुगवट्यातच इंजिनाला हवा देणारे झरोके ठेवले. छत आणि दारं ॲल्युमिनियमची. वजन हजार किलोच्या आत. पुढचं बॉनेट उघडलं तर आत स्टेपनी!

१९७८ च्या पॅरिस प्रदर्शनात तिचा नमुना दिसला, आणि विक्रीची गाडी १९८० च्या सुरुवातीला ब्रसेल्सला दाखवली गेली. रॅलीच्या ग्रुप फोर वर्गाच्या नियमाप्रमाणे अशा किमान ४०० गाड्या बनवणं भाग होतं. शर्यतीसाठी चार-दोन गाड्या करून भागत नसे. त्या रस्त्यावर विकाव्या लागत. म्हणजे क्रीडानियमांच्या पुस्तकातल्या एका कलमामुळे ही गाडी सामान्य माणसाला मिळाली. ती बनली दिएप या समुद्रकाठच्या गावात, आल्पिनच्या जुन्या कारखान्यात, बरीचशी हातानं. पुढे १९८३ पासून थोडी स्वस्त ‘टर्बो २’ आली, छत-दारं साध्या पत्र्याची. दोन्ही मिळून सुमारे पाच हजार गाड्या निघाल्या. चारशेंची अट होती, लोकांनी पाच हजार घेतल्या.

जानेवारी १९८१ ची माँटे कार्लो. त्याच वेळी औडीची क्वाट्रो मैदानात उतरली होती. तिचं म्हणणं असं की पुढची की मागची हा वादच कशाला, चारही राबवा! बर्फात हान्नु मिक्कोला क्वाट्रो घेऊन सगळ्यांना मागे टाकून गेला, पण पुढे ती गाडी आपटली. आणि जिंकला कोण, तर जाँ रानोत्ती, रेनॉ ५ टर्बोत. तीन वर्षांपूर्वी पुढच्या चाकांवर दुसरा आलेला माणूस आता मागच्या चाकांवर पहिला आला. उलटवलेल्या गाडीला याहून चांगलं प्रमाणपत्र कोणतं? १९८२ मध्ये आणि १९८५ मध्ये त्यानं कोर्सिकाही जिंकली. डांबरी, वळणावळणांच्या घाटात या गाडीला अजून तोड होती ती फारच थोड्यांची. पण माती, चिखल आणि बर्फावर चारचाकी जोराच्या गाड्यांनी दोनचाकी गाड्यांचे दिवस संपवले होते.

आणि इथे पोर्तुगाल येतो. मार्च १९८६. रॅलीत तेव्हा ग्रुप बीचं युग होतं. चारशेहून जास्त अश्वशक्तीच्या हलक्या गाड्या, आणि रस्त्याच्या कडेला नव्हे, रस्त्यावरच उभे प्रेक्षक. गाडी जवळ आली की बाजूला व्हायचं, तिला हात लावून पाहायचा, असा तो खेळ झाला होता. सिंत्राच्या डोंगरात, लागोआ आझुलजवळ, एका पोर्तुगीज स्पर्धकाची फोर्ड आरएस २०० अशाच गर्दीत शिरली. प्रेक्षक मृत्युमुखी पडले, तीसहून अधिक जखमी झाले. कारखान्यांच्या संघांचे चालक एश्तोरिलच्या एका हॉटेलात जमले, त्यांनी निवेदनावर सह्या केल्या आणि पुढे धावायला नकार दिला. जगातले सर्वोत्तम चालक निघून गेले. रॅली मात्र थांबवली गेली नाही. उरलेल्यांत स्थानिक चालक होते, आणि जिंकला जुआकिं मोतिन्यु, एदगार फोर्तेश या सहचालकाबरोबर. गाडी रेनॉ ५ टर्बो. तोवर तिला जुनी म्हणू लागले होते.

जागतिक रॅली अजिंक्यपद स्पर्धेतली एखादी फेरी जिंकणारा मोतिन्यु हा एकमेव पोर्तुगीज. आणि तो विजय या अशा दिवसातला. मी या गोष्टीपाशी पुष्कळदा अडकतो. बाकीचे निघून गेले म्हणून तो जिंकला असं म्हणणं सोपं आहे, आणि खोटंही नाही. पण थांबलेले चालक पगारी होते, पुढच्या महिन्यात त्यांना दुसरी रॅली होती. घरच्या रस्त्यावर, घरच्या लोकांसमोर, वर्षातून एकदाच जगाबरोबर धावायला मिळणाऱ्या माणसानं काय करायला हवं होतं? मृतांचा मान राखायचा म्हणून थांबणं हेच मला जास्त योग्य वाटतं. तरीही मोतिन्युचं नाव यादीतून खोडावं असं वाटत नाही. दोष असेल तर तो प्रेक्षकांना रस्त्यावर उभं राहू देणाऱ्या व्यवस्थेचा, आणि ताकद वाढवत नेताना कुठे थांबायचं हे न ठरवणाऱ्या नियमांचा. दोनच महिन्यांनी, २ मे १९८६ रोजी, कोर्सिकात हेन्री तोइव्होनेन आणि सर्जो क्रेस्तो गाडीसकट जळून गेले आणि मग कुठे १९८७ पासून ग्रुप बी बंद झाला. आपल्याकडे जत्रेतली आतषबाजी असो की समुद्रकाठची गर्दी, दुर्घटना झाल्याशिवाय नियम बदलत नाहीत, असं आपण म्हणतो. तिकडेही काही वेगळं नव्हतं.

नियम आले तशी अशा गाड्यांची गरज संपली. पण कल्पना मेली नाही. जपानमध्ये टोयोटानं १९८३ मध्ये कोरोलाची साधी गाडी पुढच्या चाकांवर नेली, पण तिचं कूपे रूप, एई ८६, १९८७ पर्यंत मागच्या चाकांवर ठेवलं. सेलिका १९८५ मध्ये पुढच्या चाकांवर गेली. या बदलानं घाटात गाडी आडवी घसरवणाऱ्या पोरांची, म्हणजे ड्रिफ्टिंगवाल्यांची, पंचाईत झाली. कारण तो खेळ मागच्या चाकांशिवाय होतच नाही. मग अमेरिकेत काय झालं पाहा. तिथे टोयोटानं सायन टीसी नावाचं पुढच्या चाकांचं कूपे विकायला काढलं होतं. फॉर्म्युला ड्रिफ्टमध्ये उतरायचं तर राबणारी चाकं मागचीच हवीत. म्हणून स्टेफान पापाडाकिसच्या गटानं वर सांगितलेली पहिली वाट धरली. इंजिन फिरवून उभं केलं, तळ कापला, दांडा टाकला. नॉर्वेच्या फ्रेडरिक ओस्बोनं त्या गाडीत २०१५ चं अजिंक्यपद मिळवलं. दरम्यान रेनॉनंही आपल्या क्लिओ गाडीत तीन लिटरचं व्ही सिक्स इंजिन सीटच्या मागे ठेवून २००१ मध्ये तोच खेळ पुन्हा खेळून घेतला होता.

आपल्याकडच्या हौशी पोरांना हे वाचून हुरूप येईल म्हणून एक सांगून ठेवतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा पाहता कारखान्यानं ठरवलेल्या रचनेत असा मूलभूत फेरफार करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही. आणि ते बरंही आहे. तळ कापलेली गाडी अपघातात कशी दुमडेल हे गॅरेजात कळत नाही. रेनॉनं जे केलं त्यामागे इंजिनिअरांची फौज आणि दोन-तीन वर्षांच्या चाचण्या होत्या.

आणि आता या कथेचं ताजं पान. रेनॉनं नवी रेनॉ ५ आणली आहे, विजेवर चालणारी, पुढच्या चाकांची. आणि तिच्यामागोमाग ‘रेनॉ ५ टर्बो थ्री ई’ जाहीर केली आहे. संख्या मोजून १९८०, कारण जुनी गाडी १९८० ची. दोन मोटारी, दोन्ही थेट मागच्या चाकांच्या आत. ताकद ५४० अश्वशक्ती. ना गिअरबॉक्स उचलायचा, ना क्राउन-पिनियन, ना दांडा. क्यूनोपासून झेप्पापर्यंत ज्या सांध्यांनी आणि दांड्यांनी इंजिनिअरांची झोप उडवली, ते सगळे एका फटक्यात नाहीसे. राबणारी चाकं पुढची की मागची, हे आता कागदावर ठरवायचं आणि तारा तिकडे न्यायच्या, इतकंच उरलंय.

इतिहास पुढे सरकतो असं आपण धरून चालतो. मागचं ते जुनाट, पुढचं ते सुधारलेलं. मोटारींच्या बाबतीत तर हा हिशेब शब्दशः मांडता येतो, मागच्या चाकांकडून पुढच्या चाकांकडे. पण कोणत्या कामासाठी, हा प्रश्न विचारला की हिशेब बदलतो. कुटुंब बाजारात न्यायचं तर जाकोसाची मांडणी बरोबर, आणि कोर्सिकाचा घाट जिंकायचा तर जुनी वाट बरोबर. रेनॉतल्या त्या मंडळींनी पुढचं मागे नेलं तेव्हा ते काळाच्या उलट गेले नाहीत. पकड कुठे आहे तेवढंच त्यांनी पाहिलं. आपल्या चिखलाच्या चढावर रिव्हर्स टाकणाऱ्या पात्रांवानंही तेच पाहिलं होतं.